मिलिंदचा हातगुण

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मिलिंदने सर्व्हर रूमचं दार उघडलं आणि क्षणभर त्याला वाटलं, आपण चुकून कुणाच्या तरी लग्नघरात शिरलो. सर्व्हर नवरदेव होऊन बसला होता. कपाळाच्या जागी हळदीकुंकवाची पाच बोटं, गळ्यात झेंडूची माळ, समोर नारळ, डोक्यावर आपट्याची पानं, अंगभर अक्षता आणि कमरेला लाल दोऱ्याचे वेढे. एवढ्या थाटातही त्याचा हिरवा दिवा मात्र रोजच्यासारखा निमूटपणे लुकलुकत होता.

आता यात कुणाचं काही चुकलं होतं अशातला भाग नाही. आनंदनगर एमआयडीसीत खंडेनवमीला यंत्रांची पूजा होत नाही असा कारखाना कंदील घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही. टेकचंदशेठच्या या कारखान्यात औषधाच्या बाटल्यांसाठी पुठ्ठ्याची खोकी बनायची. तिथे कटिंग मशीनपासून शेठच्या जुन्या स्कूटरपर्यंत सगळ्यांना हार पडायचे, मग सर्व्हरनेच काय घोडं मारलं होतं? पूजेचा मान गोदूबाईंचा. वीस वर्षं कारखान्यात झाडू आणि चहा या दोन्ही खात्यांवर त्यांची सत्ता होती.

मिलिंद त्या दिवशी कधीच हजर नसायचा. दसऱ्याला त्याचं घर नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, हा आजोबांपासूनचा नेम. "ज्याच्यामुळे उभे आहोत त्याला विसरायचं नाही," असं त्याचे वडील सांगून गेले होते आणि मिलिंद विसरत नसे. दुसऱ्याच्या पूजेला हसायचं नाही, हेही त्याच घरात शिकलेलं. त्यामुळे एरवी त्याने हार सुकेपर्यंत राहू दिला असता. पण आज अकरा वाजता कल्पेश येणार होता.

कल्पेश म्हणजे उल्हासनगरच्या एका कंपनीतला इंजिनियर. कारखान्यांचे सर्व्हर वर्षाच्या कराराने सांभाळायचे हा त्या कंपनीचा धंदा. गेल्या आठवड्यात शेठने मिलिंदला केबिनमध्ये बोलावून स्पष्टच सांगितलं होतं, "देख मिलिंद, तो पोरगा येऊन चेक करेल. तो बोलला सब ठीक, तर तू सिस्टीमवाला पक्का, लेटर देतो. तो बोलला गडबड हाय, तर काम त्याच्या कंपनीला आणि तू वापस पॅकिंगला. मी तरी काय करू साईं? सर्व्हर बंद म्हणजे मी बंद."

पॅकिंगला वापस! आठ वर्षं मिलिंदने खोक्यांना टेप मारली होती. मागच्या दसऱ्याआधी हा सर्व्हर दिवसातून चारदा मान टाकायचा. तेव्हाचा कॉम्प्युटरवाला एक दिवस "जेवून येतो" म्हणून गेला तो आजतागायत जेवतोच आहे. मिलिंदने एकदा शेठचा अडकलेला प्रिंटर चालू करून दिला होता, एवढ्या पुण्याईवर त्याला त्या खुर्चीत बसवलं. तो नागपूरहून आला, खुर्चीत बसला, आणि काय चमत्कार! त्या दिवसापासून सर्व्हर एकदाही बंद पडला नाही. वर्ष झालं. "मिलिंदच्या हाताला गुण आहे," असं सगळा कारखाना म्हणू लागला. पहिल्यांदा मिलिंद हसला. मग त्याला वाटलं, असेलही. सहा महिन्यांनी तर त्याची खात्रीच पटली. बदलापूरला शिरगावात त्याच्या आईने, जनाबाईंनी, अख्ख्या सोसायटीत सांगून ठेवलं होतं की आमचा मिलिंद सर्व्हरचा डॉक्टर आहे.

तर असा हा डॉक्टर कात्री, ब्रश आणि फडकं घेऊन पेशंटसमोर उभा राहिला.

"मावशी, हार काढू का? इंजिनियर येणार आहे."

"काढ बाला. पूजा झाली आता," गोदूबाई दारातून म्हणाल्या. "पन निर्माल्य कचऱ्यान टाकू नको हां. मना दे. तलावान सोडते."

"आणि मावशी, तुमचे झाडू…"

ही खोली मुळात झाडू ठेवायचीच होती. सर्व्हर नंतर आला. त्यामुळे कोपऱ्यात गोदूबाईंचे दोन झाडू आणि एक बादली अजून मालकी हक्काने उभी होती.

"माजे झाडू कशाला भाईर?"

मिलिंदने ओशाळून दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी त्यानेच लावली होती: 'अनधिकृत व्यक्तींना प्रवेश बंद'.

"ह्ये काय लिवलंय?"

"म्हणजे… परक्या माणसांनी आत यायचं नाही."

"मी परकी? ह्यो तुजा डब्बा आयला तवा त्याला जागा कोनी दिली?" गोदूबाईंनी झाडू उचलले, बादली उचलली आणि पुढे काही न बोलता निघून गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मिलिंदला वाटलं.

पण आज भीड बाळगायला वेळ नव्हता. त्याने माळ उतरवली, कुंकू पुसलं, पंख्याच्या जाळीतून झेंडूच्या पाकळ्या चिमट्याने काढल्या, फटीफटीतल्या अक्षता ब्रशने झाडल्या. मग दोऱ्याकडे वळला. नव्या लाल दोऱ्याखाली मागच्या वर्षीचा जुना, धुळीने काळा पडलेला दोरा होता आणि तो पाठीमागच्या वायरींतही गुरफटला होता. 'कल्पेशने हे बघितलं तर माझी काय इज्जत राहील,' असं म्हणत मिलिंदने कात्री घातली. कचकन नवा, कचकन जुना. सगळं पिशवीत भरून गोदूबाईंकडे पोचवलं आणि परत येऊन सर्व्हरकडे डोळे भरून पाहिलं. कसा चकचकीत! हिरवा दिवा चालू. मिलिंदने स्वतःच्या हाताकडेही एकदा कौतुकाने पाहून घेतलं.

साडेनऊला भिंतीपलीकडे कटिंग मशीन सुरू झालं. हे मशीन सुरू झालं की भिंत हादरते, टेबल हादरतं, नव्या माणसाचे दातही हादरतात. दोन दिवसांच्या सुट्टीनंतर ते दुप्पट जोमाने धडधडू लागलं. पाच मिनिटं गेली असतील नसतील, हॉलमधून लेबल काढणाऱ्या बकुळाचा आवाज आला.

"मिलिंददा! लेबल बंद! स्क्रीनवर फुली येतेय!"

मिलिंद ताडकन उठला. बदलापूरच्या औषध कंपनीचा ट्रक गेटवर उभा होता, बाराला सुटायचा. प्रत्येक खोक्यावर नंबराचं लेबल लागल्याशिवाय ती कंपनी माल आत घेत नाही, आणि ते नंबर सगळे या सर्व्हरच्या पोटात. त्याने वाकून मागे पाहिलं. नेटवर्कच्या वायरीशी जो बारका दिवा असतो तो विझला होता. त्याने वायर दाबली. दिवा लागला.

"आलं आलं!" बकुळा ओरडली.

'बघा, हात लागायचा अवकाश,' असं मनाशी म्हणत मिलिंद खुर्चीत येऊन टेकतो न टेकतो तोच बकुळा पुन्हा ओरडली, "गेलं गेलं!"

असं तीनदा झालं. आलं, गेलं, आलं, गेलं. चौथ्यांदा मिलिंदने ठरवलं की वायरच खराब. कपाटात एक नवी वायर होती, पण ती हातभर आखूड. मग काय करायचं? वायर सर्व्हरपर्यंत येत नसेल तर सर्व्हर वायरीपर्यंत न्यायचा. त्याने सर्व्हर पुढे ओढला. त्यासरशी मागची विजेची वायर ढिली झाली आणि सर्व्हरने सरळ डोळेच मिटले. हिरवा दिवा गेला, पंख्याची घरघर थांबली, आणि खोलीत फक्त मशीनची धडधड आणि मिलिंदची धडधड उरली.

जुनी वायर परत लावली, सर्व्हर जागेवर ढकलला, विजेची वायर खोचली, बटण दाबलं. सर्व्हर उठला. सर्व्हर उठायला आठ मिनिटं लागतात. सातव्या मिनिटाला तो पुन्हा झोपला.

"म्हणजे वीजच नीट येत नाही," मिलिंद म्हणाला. त्याला यूपीएसचा संशय आला. यूपीएस काढून सर्व्हर थेट भिंतीवर लावला. तरी झोपला. मग त्याला भिंतीच्या सॉकेटचा संशय आला. मग तो धावत शेठच्या केबिनमध्ये गेला, शेठ हॉलमध्ये ट्रकवाल्याशी बोलत होते ते बघून तिथला एक्स्टेंशन बोर्ड उपटला आणि घेऊन आला. तरी झोपला.

पाच मिनिटांत शेठ दारात. "मिलिंद! माझ्या टाकीतल्या माशांचा पंप कोणी काढला? सगळे वर येऊन तोंड उघडझाप करतायत!"

"शेठ, दोन मिनिटं. सर्व्हरला वीज…"

"सर्व्हर बंद?" शेठचा चेहराही माशांसारखा झाला. "आज? आज साईं? ट्रक उभा हाय, इंजिनियर खाली पार्किंगला आलाय, आणि तुझा हातगुण कुठे गेला?"

ते मिलिंदलाही कुणीतरी सांगायला हवंच होतं.

कल्पेश वर आला. इस्त्रीचा शर्ट, पाठीला बॅग, वय पंचविशीचं. त्याने सर्व्हरला हातसुद्धा लावला नाही. स्टुलावर बसून लॅपटॉप उघडला, आधीच्या कॉम्प्युटरवाल्याच्या काळातली बंद पडल्याची जुनी यादी वाचली, आत्ताची ताजी ऐकली आणि मान हलवली. "शेठ, पॉवर सप्लाय गेलाय. लॅन कार्ड पण डेड. दोन्ही एकसाथ गेले म्हणजे मदरबोर्डवर डाऊट. सीधा बोलू? नवीनच घ्या. वर आमचं काँट्रॅक्ट करा, टेन्शन संपलं."

"पन ट्रक?"

"आज तर मुश्किल आहे."

शेठने मिलिंदकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी वाईट वाटून पाहिलं. मिलिंदला टेपचा तो चर्र आवाज ऐकू येऊ लागला.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मिलिंद सर्व्हरच्या मागे गुडघ्यांवर बसला आणि काय करावं ते न सुचून त्याने उजव्या हाताने विजेची वायर दाबून धरली, डाव्याने नेटवर्कची. आणि बटण? बटण पुढे. ते त्याने सर्व्हरला कवेत घेऊन हनुवटीने दाबलं.

आठ मिनिटं शेठ घड्याळ बघत राहिले. नवव्या मिनिटाला बकुळाची आरोळी आली. "आलं! मिलिंददा, निघतायत लेबलं!"

"सोडू का?" असं म्हणून मिलिंदने डावा हात जरासा उचलला.

"गेलं!"

त्याने पुन्हा दाबला. "आलं!"

"मग सोडू नको!" शेठ ओरडले. "मिलिंद, माझ्या भावा, तू असाच बस. किती लेबलं राहिली ग?"

"हजारभर!"

हजारभर लेबलं म्हणजे अर्धा तास. मिलिंद सर्व्हरला मिठी मारून बसला. नाकाला खाज सुटली, गुडघे दुखू लागले, नागपूरच्या प्रवासातली झोप डोळ्यांवर आली. कल्पेशने लॅपटॉप मिटला, कारण हा प्रकार त्याच्या अभ्यासक्रमात नव्हता. तेवढ्यात मिलिंदच्या खिशातला फोन वाजू लागला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा शेठनीच तो काढला आणि स्पीकरवर धरला.

"मिलिंद, झाला का रे पक्का?" जनाबाईंचा आवाज खोलीभर घुमला. "मी पेढे आणून ठेवलेत. वरच्या मजल्यावर दोघींना दिले पण."

"आई, मी कामात आहे."

"काय करतोस?"

काय सांगणार? मिलिंद म्हणाला, "सर्व्हर सांभाळतोय." यात खोटं काहीच नव्हतं.

"सांभाळ बाबा. त्याच्यामुळं आपली पोरं इंग्लिश शाळेत आहेत," असं म्हणून जनाबाईंनी फोन ठेवला. शेठनी तो हळूच मिलिंदच्या खिशात परत सरकवला आणि उगाच खिडकीबाहेर बघत राहिले.

साडेअकराला गोदूबाई चहा घेऊन आल्या. दारातच थांबल्या. पाटीकडे बघितलं, आतल्या दृश्याकडे बघितलं.

"मी येऊ, का मी परकी हाय?"

"मावशी, या हो! या," मिलिंद काकुळतीने म्हणाला.

त्याचे दोन्ही हात अडकलेले, तेव्हा गोदूबाईंनी कप त्याच्या तोंडाला लावला. चहा पाजता पाजता त्यांची नजर सर्व्हरच्या पाठीकडे गेली आणि त्यांचा हात थबकला.

"दोरा कुटं गेला?"

"कापला मावशी. निर्माल्यात दिला तुम्हाला."

"नवा कापलास. ठीक हाय. पन जुना?"

"तोही."

"अरे द्येवा! तो पूजेचा नव्हता रं!" गोदूबाईंनी कप खाली ठेवला. "मागच्या टायमाला मी हितं झाडू मारायचे ना, वायरला झाडू लागला की याचा हिरवा डोला विझायचा. मशीन धडधडला तरी विझायचा. त्यो तुझ्या आदीचा मानूस बिचारा रडकुंडीला यायचा. मीनी त्याला सांगितलां, वायरी हालतान. त्यो बोलला, मावशी, तुमी झाडू मारा. मग खंडेनवमीला सगल्या मशिनींना दोरा बांधला, तवा ह्या दोन वायरी पन डब्ब्याला करकचून बांधून टाकल्या. भाताचा भारा बांधतान ना, तशी गाठ मारली. मना वाटला, तुला म्हाईत आसंल."

भिंतीपलीकडे मशीन धडधडत होतं.

कल्पेश उठला. मिलिंदच्या बोटांशेजारी वाकून त्याने पहिल्यांदाच सर्व्हरची पाठ पाहिली. नेटवर्कच्या वायरीच्या टोकाला जी प्लॅस्टिकची बारकी पट्टी असते, जिच्या जोरावर वायर भोकात अडकून राहते, ती तुटून कधीच गेली होती. विजेच्या वायरीची खाच झिजून सैल झाली होती. पॉवर सप्लाय ठणठणीत होता. लॅन कार्ड ठणठणीत होतं. त्याचे कान लाल झाले. "सॉरी," तो पुटपुटला. "मी मागे बघायला हवं होतं."

"मी एक वर्षात नाही बघितलं," मिलिंद म्हणाला.

गोदूबाईंनी कमरेच्या पिशवीतून दोऱ्याचं उरलेलं रीळ काढलं. "हात नको काडू अजून," असं मिलिंदला बजावून त्यांनी दोरा दोन्ही वायरींवरून घेतला, सर्व्हरच्या पोटाभोवती फिरवला, एक पीळ दिला, गुडघा लावून ओढला आणि गाठ मारली. "आता काड."

मिलिंदने आधी एक बोट काढलं. मग दुसरं. मग सगळा हातच काढला. हिरवा दिवा चालू. मशीन धडधडत होतं, भिंत हादरत होती आणि बकुळा एकदाही ओरडली नाही.

बाराला पाच कमी असताना ट्रक गेटबाहेर पडला. शेठचे मासेही खाली गेले, कारण लेबलं संपताच सर्व्हर परत यूपीएसवर लावून एक्स्टेंशन बोर्ड केबिनमध्ये पोचवला होता. शेठ घाम पुसत सर्व्हर रूममध्ये आले आणि त्यांनी मिलिंदची पाठ थोपटली. गोदूबाई दोऱ्याचं सांगत होत्या तेव्हा ते ट्रकवाल्याशी फोनवर होते, त्यामुळे त्यातलं त्यांना काही कळलंच नव्हतं. "मी बोललो ना, तुझ्या हाताला गुण हाय! बोल कल्पेश, सब ठीक?"

"सब ठीक शेठ," कल्पेश प्रामाणिकपणे म्हणाला. "दोन वायरी बदलायच्या आहेत, त्या मी उद्या आणून देतो. सर्व्हर एकदम मस्त आहे. काँट्रॅक्टची गरज नाही."

आता मिलिंद गप्प बसला असता तरी कुणी काही म्हणणार नव्हतं. कल्पेश बोलला नसता आणि गोदूबाई कप विसळायला गेल्या होत्या. पण नागपूरहून येऊन अजून चार तासही झाले नव्हते. वडिलांचं वाक्य कानात ताजं होतं.

"शेठ, गुण माझ्या हाताला नाही," तो म्हणाला. "वर्षभर सर्व्हर मावशींनी चालवला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, तसा मी त्याच दिवशी या खुर्चीत बसलो. आज मीच दोरा कापला आणि मीच बंद पाडला. लेटर द्यायचं की नाही ते आता तुम्ही ठरवा."

शेठनी घाम पुसायचा रुमाल खिशात ठेवला. मग म्हणाले, "वीस वर्षं कारखाना चालवतो मी. बंद पडलं की दुसऱ्याचं नाव सांगणारे खूप बघितले. चालू झालं की दुसऱ्याचं नाव सांगणारा पहिलाच. लेटर तुझंच साईं. पण तिला विचार, तिला काय पायजे."

मिलिंद धावतच मोरीकडे गेला. गोदूबाई कप उपडे घालत होत्या. तो त्यांच्या पाया पडायला वाकला तशा त्या दोन पावलं मागे सरकल्या. "ए बाला, ह्ये काय? पानी सांडलंय तिथं, घसरशील."

"मावशी, माझी नोकरी तुमच्यामुळे आहे. वर्षभर मला कळलं नाही. शेठ विचारतायत, तुम्हाला काय हवं?"

गोदूबाईंनी विचार केला. फार नाही, एक कप पुसण्यापुरता. "माजे झाडू," त्या म्हणाल्या, "परत आत ठेवून दे."

मिलिंदने दोन्ही झाडू आणि बादली स्वतः उचलून कोपऱ्यात जागच्या जागी ठेवली. मग मार्कर घेतला आणि दारावरच्या पाटीखाली ठळक अक्षरांत एक ओळ वाढवली.

"काय लिवलंस आता?"

"अनधिकृत व्यक्तींना प्रवेश बंद. गोदूबाई सोडून."

"म्हंजी मना परवानगी."

"तुम्हालाच."

"आनि तुला?"

मिलिंदने पाटी पुन्हा वाचली. खरंच, त्याचं नाव तिथे कुठेच नव्हतं.

"मग भाईर हो जरा," गोदूबाई झाडू हातात घेत म्हणाल्या. "सगलीकडं झेंडू सांडून ठेवलास. मना झाडायचा हाय."

आणि टेकचंदशेठच्या कारखान्यातला पक्का सिस्टीमवाला, शिरगावच्या जनाबाईंचा सर्व्हरचा डॉक्टर, सर्व्हरपाशी राहिलेला, गार झालेला चहा हातात घेऊन पाटीखाली उभा राहिला. आत झाडू फिरत होता. तो वायरींजवळ आला की मिलिंद मान लांब करून आत बघायचा, पण हिरवा दिवा काही हलला नाही. तेव्हा त्याने चहाचा एक घोट घेतला. आजच्याइतका गोड चहा त्याने या कारखान्यात कधी प्यायला नव्हता.